पाव नंबर कमी

घेवरचंद गेल्याची बातमी मला एका अनोळखी माणसाने वाचून दाखवली, कारण त्या वेळी मी आणि माझी नात प्राची असे दोघेही नंदुरबारच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुल्या ताणून बाकावर बसलो होतो. हे थेंब ज्यांनी घातलेत त्यांनाच ते सुख ठाऊक. खिडकीतून उजेड असा अंगावर येतो की वाटावं, सूर्य नंदुरबार स्टेशनवर उतरला आणि रिक्षा करून थेट आपल्यालाच भेटायला आला. माझा चष्मा आत मोजायला नेलेला, तो अजून आतच होता. तेवढ्यात मोबाइल वाजला. मी तो नाकाला लावला, हातभर लांब धरला, तिरपा केला. अक्षरं गुळावरच्या मुंगळ्यांसारखी नुसती फिरत होती. प्राचीकडे दिला. ती नववीत आहे, तिला मोबाइल डोळे मिटूनही वाचता येतो असा माझा समज होता, पण तिच्याही डोळ्यांत तेच थेंब. शेवटी शेजारी धडगावकडचा एक जीपवाला त्याच्या आईला घेऊन बसला होता, त्याला म्हटलं, भाऊ, एवढं वाचा. त्याने मोठ्याने वाचलं. तळोद्याचे घेवरचंदजी आज सकाळी अरिहंतशरण झाले, अंत्ययात्रा दुपारी चार वाजता राहत्या घरून. मोबाइल परत देताना त्याने विचारलं, "कोण लागत होते?"

"माझा चष्मेवाला," मी म्हणालो.

याला आता दीड महिना होऊन गेला, पण ते दोन शब्द घशातून खाली उतरत नाहीत. ज्याच्या ओट्यावर बसून मी इतका चहा प्यालो की तेवढ्यात तापीला एक बरा पूर आला असता, तो पंचेचाळीस वर्षांचा मित्र गेल्याचं कळतं आणि माझ्या तोंडातून निघतं काय, तर 'माझा चष्मेवाला'. त्याला कारण होतं. अर्ध्या तासापूर्वीच आतल्या डॉक्टरीणबाईंनी मला काहीतरी सांगितलं होतं, आणि मी त्याच बाकावर बसून ठरवलं होतं की संध्याकाळी तळोद्याला उतरायचं आणि घेवरचंदशी कडाक्याचं भांडायचं. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. फार चांगली वाक्यं होती हो... ती माझ्याकडे तशीच पडून आहेत.

भांडण कशाचं ते कळायचं तर मुळापासून सांगावं लागेल. मी ब्राह्मणपुरीचा, आणि आमच्या घराण्यात लांबचं न दिसणं हे वतनासारखं चालत आलेलं. माझे वडील एकदा बांधावरून शेजारच्या शेतातल्या बुजगावण्याशी पाटाच्या पाण्यावरून तासभर भांडले, आणि समोरचा उलटून काही बोलत नाही असं पाहून, जिंकलो म्हणून घरी आले. मी त्यांचाच मुलगा. तळोद्याच्या शाळेत भूगोल शिकवायला लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि सातपुडा म्हणजे आभाळाखाली वाळत घातलेलं निळं गोणपाट असतं, असं माझं अनुभवाने बनलेलं मत होतं. पुस्तक मात्र मला लख्ख दिसायचं. जवळचं सगळं दिसायचं, म्हणून आपल्याला काही कमी आहे हेच माहीत नव्हतं. मग एके दिवशी प्रार्थनेला उशिरा आलेल्या एका मुलाला मी फाटकातच अंगठे धरून उभं केलं. तो मुलगा तपासणीला आलेले साहेब होते. बुटके होते, यात माझा काय दोष? पण मुख्याध्यापकांनी त्याच दुपारी मला स्टँडसमोरच्या कापड दुकानात पिटाळलं. तिथे म्हणे शेठजींच्या मुलाने चष्म्यांचं कपाट टाकलं होतं.

दुकानात शिरलो तर एका बाजूला धोतरजोड्यांचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला लुगड्यांची थप्पी आणि मधे एका काचेच्या कपाटात तीस-चाळीस फ्रेमी. त्यांच्यामागे माझ्याच वयाचा, पांढरा झब्बा-पायजमा घातलेला एक सडपातळ माणूस. त्याच्या स्वतःच्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड, की त्यांच्यामागचे डोळे दोन बोरांएवढे दिसायचे. हा घेवरचंद. सुरतेला एका उस्तादाच्या हाताखाली तीन वर्षं काढून नंबर काढायला शिकून आला होता. तो पहिलं वाक्य बोलला ते असं, की मी डॉक्टर नाही, दुकानदार आहे. डोळ्यात दुखणं असेल तर पुढे जा, नंबर असेल तर बसा. असं सांगणारा दुकानदार मी तोपर्यंत पाहिला नव्हता आणि खरं सांगायचं तर नंतरही पाहिला नाही.

भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. माझ्या नाकावर त्याने लोखंडी फ्रेम चढवली, पेटीतून एकेक काच काढून तिच्यात टाकत गेला आणि तक्ता वरून खाली उजळत गेला. मग, आणि ही त्याची खास रीत होती, त्याने मला त्या लोखंडी फ्रेमीसकट हाताला धरून बाहेर ओट्यावर आणलं. तळोद्यात डोंगरातून जीपा येतात, आणि त्यांच्या आत जेवढी माणसं असतात त्याच्या दुप्पट बाहेर लटकलेली असतात. डोंगरातून येणाऱ्या कितीतरी गिऱ्हाइकांना अक्षरं येत नसत, म्हणून घेवरचंदने हा तक्ता शोधून काढला होता. समोरून येणाऱ्या जीपला किती माणसं लटकलीत ते मोजायला लावायचं. मी मोजली. सतरा. त्यातल्या एकाच्या शर्टाला वरचं बटण नव्हतं तेही दिसलं. मग मान वर केली, तर पलीकडे सातपुडा उभा होता आणि त्याच्यावर झाडं होती. सुटी सुटी, एकेक. सहा महिने मी मुलांना त्या डोंगराचा भूगोल शिकवत होतो आणि त्याच्यावर झाडं आहेत हे मला ओट्यावर उभं राहून कळलं.

मी तिथेच रडणार होतो. तेवढ्यात घेवरचंदने चिमट्यासारख्या दोन बोटांनी फ्रेमीतली एक काच काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरी टाकली. झाडं पुन्हा एकमेकांना चिकटली. अगदी गोणपाट नाही झालं, पण पानं गेली.

"अरे, आत्ता तर चांगलं दिसी ऱ्हायंतं," मी म्हटलं.

"म्हनीसनच काढी लिधं," तो म्हणाला. "मास्तर, डोया मोठा खादाड शे. जितलं दिधं तेन्हा वर अजून मांगस. पाव नंबर कमी ठेवना."

त्याचं म्हणणं असं, की चांगलं दिसतं म्हणूनच काच काढून घेतली, डोळा हा खादाड प्राणी आहे, जेवढं द्याल त्याच्या वर मागतो. त्याच्या घरात ऊणोदरी पाळायचे. जैनांचं ते एक तप आहे, भुकेपेक्षा थोडं कमी खायचं. बत्तीस घासांनी पोट भरतं असं त्यांच्यात धरतात, तर घेवरचंद एकतीस घासांवर ताट बाजूला करायचा, पुढ्यात साक्षात घेवर असलं तरी. तो म्हणायचा, पोटाला जे लागू तेच डोळ्याला. पूर्ण नंबर दिला की डोळा आळसावतो, फुगतो, दर वर्षी नवीन नंबर मागत बसतो. पाव कमी ठेवला की तो आपला हातपाय हलवतो, शिस्तीत राहतो. उस्तादाने त्याला हे शिकवलं नव्हतं. हे त्याचं त्याने जोडलं होतं, आणि इतकं चपखल जोडलं होतं की मला ते लगेच पटलं. आमच्या घरात भुकेपेक्षा कमी जेवण्याची पद्धत कधीच नव्हती, म्हणूनच कदाचित मला ते फार थोर वाटलं.

त्या दिवसापासून पंचेचाळीस वर्षं मी त्याच्याच चष्म्यातून जग पाहिलं. दर दोन वर्षांनी तो मला खुर्चीत बसवायचा, तक्ता वाचून घ्यायचा, ओट्यावर नेऊन जीप मोजायला लावायचा आणि शेवटी दोन बोटांनी काच उचलायचा. "पाव ठेवला हं, मास्तर." तक्त्याची सर्वांत खालची ओळ मी कधी वाचली नाही. आमच्या पंचक्रोशीत त्याच्याकडचा चष्मा वापरणाऱ्या कुणीच वाचली नसावी. एकदा तर विसरवाडीचा एक ट्रकवाला भडकून म्हणाला, शेठ, मला रस्ता पाहायचाय, उपास नाही करायचा. त्याला मात्र घेवरचंदने मुकाट्याने पूर्ण नंबर दिला. मला नंतर म्हणाला, याच्या उपासाने दुसरेच मरतील. म्हणजे त्याच्या तपाला अपवाद होते. हे मी तेव्हा हसण्यावारी नेलं... आता ते रोज आठवतं.

शाळा सुटली की मी ओट्यावर. तो दिवसभर काचा पुसायची मलमलची फडकी संध्याकाळी स्वतः धुवायचा, ओट्यावरच्या दोरीला वाळत घालायचा आणि मग चहा मागवायचा. आमचं बोलणं निम्मं डोळ्यांवर. लांबचं का दिसत नाही, याचं कारण आमच्या तालुक्यात जितकी माणसं तितकी. कुणी म्हणे गाजर खाल्लं नाही, कुणी म्हणे आईने ग्रहणात पाहिलं. माझं मत घराण्याचं, बुजगावण्याच्या दाखल्यासह. घेवरचंदचं मत असं, की सारखं जवळचं पाहणाऱ्या माणसाचा डोळा जवळचाच होऊन बसतो, दुकानदार आणि मास्तर ही त्यातली पहिली दोन गिऱ्हाइकं. मग ब्राह्मणपुरीकडे नेणारी माझी शहाद्याची गाडी लागायची. मी खिडकीत बसायचो, ओट्याकडे पाहून हात करायचो, आणि तिकडे पांढरं काहीतरी हलायचं. तोही हात करतोय. रोजचं होतं. मी निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून दोनदा मी तळोद्याला जायचोच, बायको विचारायची काय काम आहे, मी सांगायचो चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय. त्या स्क्रूला इतक्या वेळा पिळलं, की एखाद्या रेल्वे इंजिनाला तो सहज चालला असता.

मग प्राची. माझ्या मुलाची मुलगी, आमच्याकडेच ब्राह्मणपुरीला वाढली. पाचवीत असताना एकदा अंगणातून मला म्हणाली, आप्पा, बघा लिंबावर केवढं माकड. ती प्लॅस्टिकची गोणी होती. वतन पोचलं. सूनबाई नंदुरबारला डॉक्टरकडे न्यायचं म्हणत होती, मी म्हटलं, घेवरचंद असताना? मी स्वतः तिला एस.टी.ने तळोद्याला नेली, त्या खुर्चीत बसवली, ओट्यावर उभी करून जीप मोजायला लावली. तिने बावीस सांगितली, आतली धरून. घेवरचंद खूश झाला आणि त्याने तिचाही पाव काढून ठेवला. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू, जणू तिची मुंजच लावली.

दोन-दोन वर्षांनी नाही, दर सहा महिन्यांनी तिचा नंबर वाढायला लागला. मी म्हणायचो, मोबाइल. तो म्हणायचा, मोबाइल. मोबाइलचं एक बरं असतं, तो उलट बोलत नाही. यंदा नववीत शाळेतून निरोप आला, की प्राची फळ्यावरचं न बघता शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते. मी तिला पुन्हा तळोद्याला नेली. ती माझी घेवरचंदशी शेवटची भेट, आणि त्या भेटीत मी काय केलं असेल? भजी आणायला गेलो. स्टँडच्या कोपऱ्यावर ताजा घाणा पडत होता, म्हटलं तुमचं चालू द्या. परत आलो तर तपासून झालं होतं आणि दोघंही गप्प होते. घेवरचंदने नवीन चष्मा करून दिला नाही. म्हणाला, काच मागवावी लागेल, दोन आठवड्यांनी या. भजी त्याने खाल्ली नाहीत, पण ती तो एरवीही खायचा नाही, कांद्याची होती.

घरी आल्यावर सूनबाई हट्टाला पेटली. या वेळी डॉक्टरच, आणि तुम्हीही चला आप्पा, तुमचेही दाखवून घ्या. एरवी ती माझ्यापुढे आवाज चढवत नाही. या वेळी मला तिच्यापुढे मान तुकवावी लागली, मात्र अट घातली, की घेवरचंदला कळता कामा नये. दोन दिवसांनी मी नातीला घेऊन, चोरी करायला निघाल्यासारखा, तळोद्याची वाट टाळून नंदुरबारच्या गाडीत बसलो.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या सुनेएवढ्या, समजावून सांगणाऱ्या. त्यांनी कागदावर डोळा काढला. लांबचं दिसत नाही त्या माणसाचा डोळा आतून लांबट होतो, बोराचा खजूर झाल्यासारखा. मग मागचा पडदा मागे सरकतो आणि चित्र त्याच्या अलीकडेच पडतं. मी म्हटलं, म्हणजे यात्रेतल्या तंबूत पडदा दहा पावलं मागे नेला आणि मशीन तिथेच ठेवलं तर जसं होईल तसं. त्या म्हणाल्या, अगदी तसंच बाबा. घराण्यातून येतं, हेही खरं. सारखं जवळचं पाहणं, हेही. आणि बाहेरचा उजेड कमी मिळणं, हे तर फारच. पोरांनी रोज तास-दोन तास उघड्यावर असावं. वाढत्या वयात नंबर पळायला लागला तर त्याचा वेग कमी करायला रोज झोपताना घालायचे थेंब मिळतात, वेगळ्या काचाही मिळतात. मग मी छाती काढून सांगितलं, की तिचा नंबर आम्ही आवरून धरलाय, पाव कमी ठेवतो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पाव नाही बाबा, पाऊण कमी आहे. आणि कमी ठेवल्याने नंबर थांबत नाही. फक्त मुलीला फळा दिसत नाही."

माझं तर सव्वा नंबरने कमी निघालं. खरा नंबर साडेचार, नाकावर सव्वातीन. माझ्या डोळ्यांचं काय नुकसान झालं विचारलं तर म्हणाल्या, नुकसान काही नाही, या वयात कमी नंबरने डोळा बिघडत नाही. फक्त इतकी वर्षं तुम्हाला कमी दिसलं. किती वर्षं, विचारलं. ते त्यांना सांगता येईना. मोतीबिंदूची सुरुवात आहे, त्यानेही नंबर वाढतो, तेव्हा यातलं किती वयाचं आणि किती चष्मेवाल्याचं हे आता वेगळं काढता येणार नाही. वर त्यांनी असंही विचारलं, की तुम्हाला वाचायचा चष्मा कधी लागला? म्हटलं, साठी उलटल्यावर, माझ्याबरोबरीच्या मास्तरांना चाळिशीतच लागला होता. त्या हसल्या. लांबचा नंबर कमी असला की जवळचं वाचायला सोपं जातं, म्हणाल्या, तेवढा तुमचा फायदा झाला.

म्हणजे बघा. माणसाने माझ्या वाट्याची झाडं कापली आणि त्याच लाकडाचं मला वाचायचं टेबल करून दिलं. भांडायचं कसं? पण प्राचीचा फळा होताच. तो माझ्यामुळेही गेला होता. मी बाहेर येऊन त्या वाक्यांची जुळवाजुळव करत बसलो, आणि मोबाइल वाजला.

दुपारी चारला आम्ही तळोद्यात पोचलो. ताणलेल्या बाहुल्यांवर मी दवाखान्यातून मिळालेला काळा चष्मा लावला होता. सकाळी घेवरचंदने दुकानाचं शटर अर्ध्यावर आणलं आणि तो तिथेच खाली बसला तो उठलाच नाही, एवढंच झालं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. लोक मला धरून पुढे नेत होते, मास्तरांना फार लागलं म्हणत होते. मी मात्र आतल्या आत हिशेब करत होतो, की हे पाणी थेंबांचं, दुःखाचं की रागाचं. डॉक्टरीणबाईंनाही ते वेगळं काढता आलं नसतं. घेवरचंदचा चेहरा मी पाहिला खरा, पण त्या काळ्या काचांतून आणि त्या थेंबांतून. तो जवळ होता. जवळचं मला आयुष्यभर लख्ख दिसलं, आणि नेमकं त्याच दिवशी दिसलं नाही.

आठ दिवसांनी नवे चष्मे आले. प्राचीने तिचा चढवला, अंगणात गेली आणि बराच वेळ आत आलीच नाही. मी गेलो तर लिंबाखाली उभी राहून पानं बघत होती. मला म्हणाली, आप्पा, सगळ्यांना असंच दिसतं? मी होय म्हटलं. ती म्हणाली, रोज? त्या 'रोज'ने माझा असा काही चावा घेतला, की मी माझा नवा चष्मा डबीत घालून ठेवून दिला आणि जुनाच लावून हिंडायला लागलो. वर घरात बडबड सुरू केली. एकदा वाटे, घेवरचंदला सगळं माहीत होतं. पाव म्हणून पाऊण आणि सव्वा काढत राहिला. ट्रकवाल्याला पूर्ण आणि मित्राला उपास. एकदा वाटे, त्याला काय ठाऊक, त्याच्याकडे कुठलं यंत्र होतं. एकदा वाटे, आपणच त्याच्या पाठीमागे चोरून डॉक्टरकडे गेलो आणि त्याच सकाळी तो बसला, म्हणजे त्याला कुठूनतरी कळलंच असणार. असं माझं तीन दगडांवर चूल मांडून चाललं होतं.

शेवटी प्राचीच कंटाळली. "आप्पा, घेवरआजोबांनीच पाठवलं होतं आपल्याला," ती म्हणाली. "तुम्ही भजी आणायला गेलात तेव्हा. म्हणाले, बेटा, तुझ्या मम्मीला सांग, तुला आणि आजोबाला एकदा मोठ्या डॉक्टरला दाखव. माझं नाव नको घेऊ, मास्तर यायचा नाही."

मी घरच्या ओट्यावर बसलो. मी त्याच्यापासून लपून गेलो होतो, आणि मला लपून पाठवणारा तोच. मी विचारलं, अजून काय म्हणाले? चेहरा कसा होता? ती म्हणाली, मला नीट दिसला नाही, मी तेव्हा जुन्याच नंबरमध्ये होते.

आता याचा अर्थ काय लावायचा? त्याला आपल्या तपाची शंका आली होती, की माझ्या डोळ्यातला मोतीबिंदू त्याला दिसला आणि प्राचीचं नाव त्याने ओघात घेतलं? शंका आली असेल तर कधी? त्या दिवशी, की दहा वर्षांपूर्वी? मी उठलो, प्राचीला सोबत घेतली आणि तळोदा गाठलं.

दुकान आता त्याचा मुलगा सुशील चालवतो. मला काका म्हणतो. कापड कधीच गेलं, सगळे चष्मेच आहेत, नंबर मोजायचं छोटं यंत्रही आहे. जुना तक्ता अजून त्याच भिंतीवर. मी त्याला सरळ विचारलं, तुझ्या बापाला माहीत होतं का? त्याने गल्ल्याच्या बाजूच्या खणातून घेवरचंदचा चष्मा काढला, ज्यातून बोरांएवढे डोळे दिसायचे तो, आणि यंत्राखाली धरला. सात. मग म्हणाला, "काका, पप्पांचा खरा नंबर नऊ होता. मीच काढला होता, दोन वर्षांपूर्वी. मी नऊचा करून दिला, तर दोन दिवस लावला आणि ठेवून दिला. म्हणाले, एवढं नको, पोट दुखतं."

दोन नंबर कमी. आम्हाला पाव-पाऊण कमी वाढणारा स्वतः दोन नंबर उपाशी होता. त्याला तक्ता दिसत नव्हता, तो पाठ होता. जीपला लटकलेली माणसं दिसत नव्हती, तो आमच्या आवाजावरून ओळखायचा की आम्ही मोजतोय की ठोकून देतोय. ज्या सातपुड्यावरची झाडं त्याने मला दाखवली आणि परत घेतली, ती त्याने स्वतः कधी पाहिलीच नव्हती, किंवा फक्त दोन दिवस पाहिली. मला हायसं वाटलं आणि भयंकर वाटलं, दोन्ही एकदम.

सुशीलने चष्मा परत खणात ठेवला. मग म्हणाला, "एक सांगू का काका? रागावू नका. तुम्ही रोज गाडीतून हात करायचा ना, ते फडक्यांना. दोरीवरच्या. पप्पा त्या बाजूला बसायचेच नाहीत, इकडे खांबाजवळ उभे राहायचे. आणि ते अक्कलकुव्याच्या गाडीला हात करायचे. ती अलीकडच्या फलाटाला लागते, त्यांना तीच तुमची वाटायची. मी लहान होतो तेव्हापासून बघतोय."

"मग बोलला का नाहीस रे?"

"दोघंही इतके खूश दिसायचे..."

प्राची आधी हसली, मग तिने तोंडावर हात घेतला. मीही हसलो. मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या, काही या लेखातही आहेत, पण एवढी मोठी थाप मला कधी सुचली नसती. पंचेचाळीस वर्षं दोन माणसं रोज संध्याकाळी एकमेकांना हात करत होती, एक फडक्यांना आणि दुसरा भलत्याच गाडीला, आणि दोघंही समाधानाने घरी जात होते.

निघताना सुशील फडकी धुवून दोरीला घालत होता. म्हणाला, आता काचा पुसायला कागद येतो, पण पप्पांची सवय, सुटत नाही. प्राची पुढे होऊन शहाद्याच्या गाडीकडे वळली. मी अक्कलकुव्याच्या गाडीत चढलो. ती धावत आली, आप्पा, आपली गाडी पलीकडे. म्हटलं, ठाऊक आहे, बस दोन मिनिटं. खिडकीत बसलो आणि डबीतला नवा चष्मा काढून लावला. ओटा लख्ख दिसला. दोरी दिसली, फडकी मोजता आली, सहा. खांब दिसला, खांबाजवळची रिकामी जागा दिसली. मग मी तो चष्मा उतरवला आणि जुना लावला.

कंडक्टर म्हणाला, "बाबा, कोठे जानं शे?"

"कोठेच नही रे भाऊ. गाडी सुटाना पहिले उतरी जास."

ओट्यावर पांढरं काहीतरी हललं. मी हात केला. प्राचीने तिच्या पूर्ण नंबरातून तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिला काय दिसलं ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ते दोरीवरचं फडकं होतं की खांबाजवळचं कुणी, मला कळत नव्हतं. गाडी मात्र या वेळी बरोबर होती.